खुर्द्याची गणती

शेक्सपिअरचं ‘पाचवा हेन्री’ मराठीत व्हावं, आणि ते लालबाग-परळच्या हौशी मंडळींनी करावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. माझ्या मामांना ते पटत नाही. मामा जन्मभर लालबागचे. गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटली की तालमीला. कामगारांच्या नाट्यस्पर्धांतून त्यांनी ऐतिहासिक नाटकं केली, परळच्या दामोदर नाट्यगृहात तलवारी चालवल्या, आणि वय झाल्यावर दिग्दर्शन केलं. मी गिरगावात राहते, कॉलेजात इंग्रजी शिकवते. हेन्री राजांच्या नाटकांतले काही प्रवेश मी मराठीत उतरवून त्यांना वाचून दाखवले. त्यावर वेळोवेळी जे बोलणं झालं ते खाली देते आहे. काही ठिकाणी आवाज चढले होते. ते मी सौम्य केलेले नाहीत.

मामा : राजांच्या नाटकांचा आपल्याकडे दुष्काळ पडलाय का, की ती विलायतेहून आणावीत? कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं ते १८६१ साली. मग खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’, औंधकरांचं ‘बेबंदशाही’, गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’. कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘इथे ओशाळला मृत्यू’. आमच्या खात्यात ज्याला सही येत नव्हती त्याला संभाजीची भाषणं पाठ असायची. त्याला तुझा हेन्री कोण लागतो?

मी : शेक्सपिअर तरी कुठे परका राहिलाय, मामा? महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘झुंझारराव’. आमच्या गिरगावातल्या साहित्य संघाने १९५४ साली शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ केलं, म्हणजे ‘मॅकबेथ’च, नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे त्यात होते. पण आपण घेतल्या त्या बहुतेक शोकांतिका. इंग्लंडच्या राजांवर त्याने लिहिलेली दहा नाटकं आहेत. ती आपल्याकडे कधी नीट रुजली नाहीत.

मामा : रुजतील कशी? बायकोवर संशय घेणारा नवरा कुठल्याही आळीत सापडतो. लँकेस्टरवाले आणि यॉर्कवाले कुणाला माहीत? चार हेन्री, दोन रिचर्ड, आणि प्रत्येक सरदाराला गावाचं नाव. पहिला अंक संपेपर्यंत प्रेक्षक विचारत बसेल, हा कोणाचा काका?

मी : आपल्या पेशव्यांचं नाटक लंडनमध्ये लावलं तर तिथेही हेच विचारतील. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण राजा रंगमंचावर आणतो तेव्हा त्याचं घर आणतो आणि राज्य बाहेर ठेवतो. ‘रायगडाला’ मध्ये शिवाजी महाराज आहेत, संभाजीराजे आहेत, सोयराबाई आहेत. पण दुखणं आहे ते बाप आणि मुलगा यांचं. कानेटकरांनी ते फार उत्तम लिहिलं, याबद्दल वाद नाही. शिरवाडकरांकडे पाहा. ‘किंग लिअर’मध्ये फ्रान्सचं सैन्य उतरतं, लढाई होते, राज्याचे तुकडे होतात. त्यांनी ‘नटसम्राट’ लिहिलं तेव्हा सैन्य गेलं, राज्य गेलं, आणि उरला मुलांनी टाकलेला म्हातारा नट.

मामा : आणि म्हणून ते घराघरात पोचलं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहायची, त्यांना घर हेच राज्य. जयंत पवारचं ‘अधांतर’ बघ. गिरण्यांच्या संपानंतरचं लालबागचं एक कुटुंब, एक खोली. त्यात राजा नाही, लढाई नाही. पण गिरणगाव कसा हरला ते त्या खोलीत दिसतं. तुझ्या दहा नाटकांतून मला जे मिळणार नाही ते मला त्या एका नाटकात मिळालं.

इथे मी गप्प बसले होते. ‘अधांतर’ १९९७ साली आलं. ते पाहून आलेल्या माझ्या लालबागच्या नातेवाइकांचे चेहरे मला आठवतात. मामांचा मुद्दा खरा आहे. पण खोलीतून सगळंच दिसत नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. संप कोणी लांबवला, जमिनी कोणाच्या घशात गेल्या, कुठल्या दालनात कोण कोणाशी काय बोललं, हे त्या खोलीत ऐकू येत नाही. शेक्सपिअरची ही नाटकं दोन्हीकडे फिरतात. ‘चौथा हेन्री’च्या दोन भागांत एका बाजूला आजारी राजा आहे, उशाशी ठेवलेला मुकुट मुलगा उचलून नेतो, आणि त्याच नाटकात पहाटेच्या अंधारात सरायीच्या अंगणात दोन मालवाहू गाडीवाले पिसवांनी हैराण होऊन बोलत असतात की ओट महाग झाल्यापासून इथल्या मोतद्दाराने हाय खाल्ली आणि तो त्यातच गेला. राजाच्या नाटकात धान्याचा भाव येतो, आणि त्या भावाने मेलेला माणूसही.

मी : मामा, सैनिकभरतीचा प्रवेश आठवतो ना, मी वाचला होता तो?

मामा : तो फॉल्स्टाफचा? आठवतो. गावातले पाच जण उभे करतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते चिरीमिरी देऊन सुटतात, आणि बायकांचे कपडे शिवणारा तो किडकिडीत शिंपी जातो लढायला. तो चांगला आहे प्रवेश. आमच्या रत्नागिरीकडे पहिल्या महायुद्धात भरती झाली तेव्हाच्या गोष्टी जुनी माणसं सांगायची. पण माणसांची अशी दैना दाखवायला इंग्रज नाटककारच कशाला हवा? आमच्या शाहिरांनी लढाई सांगितली नाही? अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. कुठलं स्टालिनग्राड आणि कुठलं माटुंगा-परळ! पण लेबर कॅम्पातल्या आणि गिरणीच्या फाटकावरच्या माणसाला ती आपली लढाई वाटली. त्यात राजा नव्हता.

मी : पोवाड्यात लढणाऱ्याचा गौरव असतो, आणि असायलाच हवा. पण प्रश्न विचारायची सोय पोवाड्यात कमी. मी ज्या प्रवेशासाठी हट्ट धरून बसले आहे त्यात गौरव नाही. अ‍ॅजिनकोर्टची लढाई, २५ ऑक्टोबर १४१५. त्याच्या आदल्या रात्री हेन्री एका सरदाराचा झगा पांघरून छावणीत फिरतो. शेकोटीपाशी बेट्स, कोर्ट आणि विल्यम्स असे तीन साधे शिपाई भेटतात. त्यांना कळत नाही की हा राजा आहे. त्यातला मायकेल विल्यम्स म्हणतो, लढाईचं कारण न्यायाचं नसेल तर राजाला मोठा हिशेब द्यावा लागेल. तुटलेले हातपाय आणि मुंडकी शेवटच्या दिवशी एकत्र येऊन त्याला जाब विचारतील. मागे राहिलेली बायको, फेडायचं राहिलेलं कर्ज, पोरकी मुलं, सगळं तो मांडतो.

मामा : आणि राजा काय उत्तर देतो? मी ते पान दोनदा वाचलं. तो म्हणतो, प्रजेचं कर्तव्य राजासाठी, पण प्रत्येकाचा आत्मा ज्याचा त्याचा. कारण न्यायाचं होतं की नव्हतं, याचं उत्तर तो देतच नाही.

मी : तेच! नाटककाराने ते मुद्दाम सोडलंय. पहिल्याच प्रवेशात त्याने आपल्याला दाखवून ठेवलेलं असतं की चर्चच्या अर्ध्याअधिक जमिनी काढून घेणारं विधेयक टाळायचंय, म्हणून मोठा बिशप राजाला फ्रान्सवर चालून जायला पैसे आणि वंशावळीचा आधार पुरवतो आहे. शिपायाला हे माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. आता सांगा, मराठी ऐतिहासिक नाटकात असा शिपाई दाखवा, जो राजाला तोंडावर विचारतो की ही लढाई कशासाठी?

मामा : थांब. आमच्या इतिहासात साध्या माणसांना नावं आहेत. पन्हाळ्यावरून महाराज निसटले तेव्हा पालखीत बसून मरण पत्करणारा शिवा काशीद. प्रतापगडाखाली जिवा महाला. आग्र्याला मागे थांबलेला मदारी मेहतर. तुझ्या विलायती नाटकात अशी माणसं दाखव.

मी : या माणसांपुढे मी मान झुकवते. पण ती सगळी राजाला ‘होय’ म्हणणारी माणसं आहेत.

मामा : कारण तो राजा ‘होय’ म्हणावं असा होता! तू कॉलेजात शिकवतेस, तुला चिपळूणचं पत्र माहीत असेलच. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलंय. दाणा-वैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसं कुणब्याच्या घरी जाऊन कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी. आणि कुणबी म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. उंदराने ओढलेली वात, अगं! लढाई गवताच्या गंजीपर्यंत कशी पोचते हे ज्या राजाला कळत होतं, त्याला कुठला विल्यम्स काय विचारणार? नाटक करायचं तर त्या पत्राचं कर.

या पत्राचा विचार मी पुढे बरेच दिवस करत होते. मामांनी माझ्यासमोर ठेवलेली ही सर्वांत भक्कम गोष्ट. मी त्यांना एवढंच सांगितलं की हेन्रीही फ्रान्समध्ये असाच हुकूम काढतो, गावातून पैसे दिल्याशिवाय काही घ्यायचं नाही. आणि देवळातली वस्तू चोरली म्हणून बार्डोल्फला फाशी देतात, तेव्हा तो त्या फाशीला मान्यता देतो. बार्डोल्फ त्याच्या गुत्त्यातल्या दिवसांचा सोबती. मामांनी विचारलं, तो रडला का? मी सांगितलं, नाही. नाटककाराने त्याच्या तोंडी हळहळीचा शब्दही दिलेला नाही. मामा बराच वेळ त्या जागेवर थांबले. दिग्दर्शकाला अशी जागा दिसली की तो थांबतोच.

मी : विल्यम्स आणखी एक गोष्ट म्हणतो. राजा सांगतोय की मी पकडला गेलो तर खंडणी देऊन सुटणार नाही. पण आमचे गळे चिरले गेल्यावर तो सुटला तर आम्हाला काय कळणार? हे वाचताना मला कुट आठवतं. इंग्रजांच्या सैन्याची पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुट-अल-अमाराला वेढा पडला, माणसं उपासमारीने मोडली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार लोक तुर्कांना शरण गेले. शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, वाटेत ते किड्यामुंग्यांसारखे मेले. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड युद्ध संपेपर्यंत इस्तंबूलजवळच्या बेटावर घरात राहिला. त्या वाटेवर सातारा-रत्नागिरीचे किती विल्यम्स असतील?

मामा : हे तू आधी का नाही सांगितलंस? हे आमच्या माणसाला लगेच कळेल. पण मग नाटक कुटवर लिही. हेन्रीचं नाव मध्ये कशाला?

मी : कारण असा प्रश्न राजाच्या समोर उभा राहून कसा विचारायचा, आणि राजाला उत्तर न देता बोलत कसं ठेवायचं, हे मला तिथे शिकायला मिळतं. लढाईनंतरचा प्रवेश घ्या. हेन्रीच्या हातात मेलेल्यांची यादी येते. फ्रान्सचे दहा हजार, त्यातल्या सरदारांची नावं तो एकेक करून वाचतो. मग आपली यादी. यॉर्कचा ड्यूक, सफोकचा अर्ल, आणखी दोन नावं. बाकी नाव घेण्यासारखं कोणी नाही. इतर सगळे मिळून पंचवीस.

मामा : ...पानिपत.

मी : हो, पानिपत.

मामा : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. शाळेत गुरुजी हे सांगायचे तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा. आम्ही मोत्यांसाठी हळहळायचो. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ. खुर्दा म्हणजे आपण, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळालेला तो सांकेतिक निरोप प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. १४ जानेवारी १७६१ ची लढाई. निरोप लिहिणारा सावकाराच्या भाषेत लिहितो, कारण पत्र परक्या हाती पडायची भीती. अ‍ॅजिनकोर्टची यादी आणि पानिपतचा हा निरोप एकमेकांशेजारी ठेवले की दोन्हीकडची सवय एकच दिसते. फरक पडतो तो एका गोष्टीत. शेक्सपिअरने ज्यांना यादीत नाव दिलं नाही त्यांना आदल्या रात्री शेकोटीपाशी बसवून बोलायला लावलेलं असतं. यादी वाचली जाते तेव्हा प्रेक्षकाला बेट्स आठवतो, कोर्ट आठवतो, विल्यम्स आठवतो. त्यांतला कोण त्या पंचवीसांत आहे, हा प्रश्न मनात येतो. आपल्याकडे पानिपतावर खूप लिहिलं गेलं. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी झाली, तिच्यावरून ‘रणांगण’ नाटक उभं राहिलं. पण माझी भूक भागलेली नाही. मला खुर्द्याचा आवाज ऐकायचा आहे.

मामा : बरं, तुझी बाजू ऐकली. आता माझी ऐक. तू मला सहाव्या हेन्रीचा सारांश दिला होतास, त्यात जॅक केड आहे. १४५० सालचं बंड. त्या बंडखोरांना तुझ्या नाटककाराने कसं दाखवलंय? खुळचट. लिहिता येतं म्हणून एका कारकुनाला फासावर देतात. सगळ्या वकिलांना मारा म्हणतात. आणि केडच्या साथीदारांत एक विणकर आहे, स्मिथ नावाचा. विणकर! मी साच्यावर आयुष्य काढलं. राजासमोर बोलणारा एकटा शिपाई चालतो तुझ्या शेक्सपिअरला, पण पन्नास जण एकत्र आले की ती झुंड. आम्ही अडीच लाख माणसं १८ जानेवारी १९८२ ला बाहेर पडलो. आम्हालाही पेपरवाले तेच म्हणायचे.

मी : इथे मी तुमच्या बाजूने आहे. केडच्या प्रवेशांत तो बंडखोरांशी न्यायाने वागलेला नाही. केडच्या तोंडी सगळं सामाईक असावं, कुणी उपाशी राहू नये असं बोलणं आहे, पण ते हसण्यावारी नेलंय.

मामा : मग? अशा माणसाकडून मी काय शिकू?

मी : त्याच हेन्रीच्या तिसऱ्या भागात टाउटनची लढाई आहे. राजा रणातून बाजूला काढला गेलाय, एका उंचवट्यावर बसलाय आणि म्हणतोय की धनगराचं जिणं किती सुखाचं. तेवढ्यात एक मुलगा प्रेत ओढत आणतो, खिसे चाचपतो, चेहरा बघतो तर तो त्याचा बाप. मग दुसरीकडून एक बाप येतो, त्याच्या हातून मेला तो त्याचा मुलगा. राजा दोघांकडे बघत बसतो. आणि पहिला मुलगा एक तपशील सांगतो. मला लंडनहून राजाच्या माणसांनी भरती केलं. बाप वॉरिकच्या सरदाराचा चाकर, त्याला त्याच्या धन्याने दुसऱ्या बाजूला उभं केलं. भांडण त्यांचं नव्हतंच.

मामा काही बोलले नाहीत. नंतर चहा आला तेव्हा त्यांनी सांगितलं, संपाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या चाळीत एक भाऊ कामावर परत गेला आणि एक गेला नाही. दोघं एकाच जिन्याने उतरायचे आणि बोलायचे नाहीत. आईचं जेवण तेवढं एका पातेल्यातलं. मी विचारलं, पुढे? ते म्हणाले, पुढे काही नाही, गिरणीच बंद झाली.

मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांचा विरोध नाटकाला उरला नाही. पण त्यांनी वाद सोडला असं मात्र म्हणता येणार नाही.

मामा : रामशास्त्री कुठे आहे तुझ्याकडे? ‘भाऊबंदकी’त राघोबाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगतो आणि पुणं सोडून जातो. नारायणरावाच्या खुनाचा न्याय एका माणसाच्या जिभेवर उभा. आम्ही ते नाटक केलं तेव्हा त्या प्रवेशाला टाळ्या थांबायच्या नाहीत.

मी : ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात मुख्य न्यायाधीश आहे. हेन्री युवराज असताना त्याने हेन्रीला तुरुंगात टाकलेलं असतं. तोच राजा होतो, आणि न्यायाधीशाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. तो घाबरत नाही, आपण का तसं केलं ते सांगतो. आणि राजा त्याला पदावर ठेवतो, बापासारखा मानतो.

मामा : म्हणजे त्याचा न्यायाधीश नोकरीत राहतो, आणि आपला नोकरी सोडतो. दोन्ही नाटकं एका स्पर्धेत ठेवली तर मी बक्षीस रामशास्त्रीला देईन.

मी : मीही. पण स्पर्धेत दोन्ही नाटकं असावीत.

खाडिलकर निघाले की ‘कीचकवध’ येतंच. १९०७ सालचं नाटक, कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद केलं. मामांच्या मते आपल्या राजा-नाटकांची खरी ताकद ही: राजा पुराणातला, नेम आजच्या सरकारवर. मी त्यांना ‘दुसरा रिचर्ड’ची हकिकत सांगितली. राजाला गादीवरून उतरवण्याचा त्यातला प्रवेश एलिझाबेथ राणीच्या हयातीत छापला गेला नाही. ७ फेब्रुवारी १६०१ ला अर्ल ऑफ एसेक्सच्या माणसांनी जादा पैसे देऊन हे नाटक करवून घेतलं, दुसऱ्या दिवशी एसेक्सने बंड केलं, आणि त्या महिन्याच्या अखेरीआधी त्याचा शिरच्छेद झाला. मामांना हे आवडलं. नाटकवाल्यांना काय शिक्षा झाली, हे त्यांनी लगेच विचारलं. चौकशी झाली आणि ते सुटले, असं कळल्यावर त्यांना बरं वाटलं.

मामा : खर्चाचं काय? लढाई कशी दाखवणार? लोकांनी ‘जाणता राजा’ पाहिलाय. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी हत्ती-घोडे आणले मैदानावर. आमच्याकडे चार लाकडी तलवारी, त्यातल्या दोनची मूठ ढिली. दामोदर तर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.

मी : ‘पाचवा हेन्री’ सुरू होतं तेच या अडचणीने. एक सूत्रधार येतो आणि प्रेक्षकांची क्षमा मागतो, की या एवढ्याशा लाकडी जागेत फ्रान्सची रणभूमी मावणार कशी. तुम्ही मनाने घोडे बघा. पुढेही तो चार-पाच जुन्या तलवारींबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. हे नाटक चार तलवारींसाठीच लिहिलंय, मामा. उलट मोठ्या पडद्यावर गेलं की त्यातलं काहीतरी हरवतं. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्याचा चित्रपट केला. लोकांना धीर यावा म्हणून. त्यात फ्रेंच कैद्यांना मारायचा हेन्रीचा हुकूम गाळला, वेढलेल्या शहराला त्याने दिलेल्या भयंकर धमक्या गाळल्या. हेन्री उजळ झाला, नाटक लहान झालं.

मामा : आपल्याकडे कोणी राजाचा असा डाग दाखवला तर नाट्यगृह जाळतील.

मी : म्हणूनच दुसऱ्यांच्या राजापासून सुरुवात करू या का?

मामा : पळवाट आहे ती. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ पाहिलंस ना? २०१२ साली आलं. जालन्याकडची शेतात राबणारी पोरं, नंदू माधवने बसवलेलं. यम महाराजांना न्यायला येतो, त्यांचा जिरेटोप मागे राहतो, आणि आता तो कुणाच्या डोक्यावर बसतो याचा शोध. राजा कुणाचा, हे त्यांनी सरळ आपल्याच राजाबद्दल विचारलं, आणि कुणी जाळलं नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं. तुझ्या विल्यम्सची गरज त्यांना पडली नाही.

मी : नाही पडली, हे खरं. मला ते नाटक मराठी राजा-नाटकांत फार वरचं वाटतं. पण विल्यम्स वाचून कुणाला आणखी एक तसं नाटक सुचलं तर?

यावर मामांनी होकार दिला नाही. मात्र विल्यम्सच्या गोष्टीचा शेवट पुन्हा वाचायला सांगितला. शेकोटीपाशी भांडण वाढतं, विल्यम्स आणि वेषांतर केलेला राजा हातमोजे बदलतात. जिवंत राहिलो तर उद्या हा मोजा ओळखून एकमेकांना ठोसा लगावायचा. लढाई संपते, राजा आपली ओळख देतो, आणि तू मला शिव्या दिल्यास म्हणतो. विल्यम्स म्हणतो, तुम्ही राजा म्हणून आला नव्हतात, साधा माणूस म्हणून आलात. त्या वेषात जे सोसावं लागलं तो दोष तुमचाच. राजा त्याचा मोजा सोन्याच्या नाण्यांनी भरून देववतो. फ्लुएलेन नावाचा कप्तान वर आपला एक शिलिंग देऊ करतो, तो विल्यम्स झिडकारतो. राजाच्या मोज्याबद्दल मात्र त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तो घेतो की नाही, हे शेक्सपिअरने लिहिलेलं नाही.

मी : मी दिग्दर्शक असते तर तो मोजा खाली पडू दिला असता. नाणी रंगमंचावर विखुरली असती.

मामा : कारण तुला पहिल्या तारखेला पगार मिळतो. अगं, लढाईवरून आलाय तो, घरी पोरं आहेत, कर्ज आहे. आदल्या रात्री त्यानेच सांगितलं ना? तो घेणार. आम्हीसुद्धा गिरणी बंद झाली तेव्हा जे हातावर ठेवलं ते घेतलं. पण घेताना मान खाली घालणार नाही. नाणी राजासमोर मोजेल, एकेक करून, सगळी. राजाने तोवर उभं राहायचं. सरदारांनीही. कितीही वेळ लागू दे, पार्श्वसंगीत नको, आणि तो मोजून पुरा होईपर्यंत पडदावाल्याने दोरीला हात लावायचा नाही.